परतावा कोणाचा?

आपल्या स्वयंपाकघरातील गॅसची टाकी १४.२ किलोची असते, तर नाक्यावरच्या खानावळीतील १९ किलोची. दोन्हींत गॅस तोच आणि बहुतेक ठिकाणी पुरवणारी कंपनीही सरकारी मालकीचीच. तरीही किलोमागचा दर निराळा असतो: घराला कमी, धंद्याला अधिक. या भेदाविरुद्ध आपण कधी तक्रार केली आहे काय? बहुधा नाही, कारण हा भेद आपल्या फायद्याचा आहे. खानावळवाल्याला विचारले, तर तो क्षणभर कुरकुर करील आणि मग हसून सांगेल की, ती भर त्याने थाळीच्या दरात केव्हाच घातली आहे. म्हणजे घरी वाचलेले चार पैसे परगावी नोकरी करणाऱ्या आपल्याच मुलाच्या ताटातून वसूल होत असतात.

या साध्या उदाहरणात दोन नैतिक प्रश्न दडलेले आहेत. एकाच वस्तूसाठी सरकारी कंपनीने निरनिराळ्या गिऱ्हाइकांकडून निरनिराळे दर घेणे न्याय्य आहे काय? आणि तो दर उद्या बेकायदा ठरला, तर जादा घेतलेले पैसे कोणाला परत मिळावेत?

पहिल्या प्रश्नाचा विचार करताना द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आठवल्यावाचून राहत नाही. दिवसभर उन्हात राबलेल्यालाही एक दीनार आणि शेवटचा तासभर काम केलेल्यालाही एक दीनार. पहिल्या मजुरांनी कुरकुर केली, तेव्हा मळ्याचा धनी त्यांना निरुत्तर करू शकला; कारण तो स्वतःचे धन देत होता. सरकारी कंपनीला मात्र तसे उत्तर देता येत नाही. तिच्या हातातील कोळसा किंवा तेल हे तिचे धन नसून सर्व जनतेचे आहे. विश्वस्ताने भेद केला, तर त्याला कारण द्यावे लागते. आपल्या राज्यघटनेतील १४ व्या कलमाचा आशयही हाच आहे. समानांना समान वागणूक मिळावी, आणि वेगळी वागणूक द्यायची झाल्यास त्या वेगळेपणाचा हेतूशी वाजवी संबंध असावा.

कोळशाच्या व्यवहारात हा प्रश्न प्रत्यक्ष न्यायालयापुढे आला. १९७३ साली देशातील कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण पूर्ण झाले आणि १९७५ साली कोल इंडिया ही कंपनी स्थापन झाली. आपल्या विदर्भातील चंद्रपूर, वणी, उमरेड येथील खाणी चालवणारी, नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्‌स ही तिचीच उपकंपनी. २००० सालापासून कोळशाच्या दरावरील सरकारी नियंत्रण उठले व दर ठरवण्याचा अधिकार कंपनीच्या हाती आला. वीज, पोलाद यांसारखी मूलभूत क्षेत्रे एका बाजूला आणि छोटे कारखाने दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी होती. पुढे छोट्या कारखान्यांना ठरलेल्या दराने कोळसा देण्याऐवजी ई-लिलावाची पद्धत आली. १ डिसेंबर २००६ रोजी अशोका स्मोकलेस कोल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत रद्द केली. जवळजवळ मक्तेदारी असलेल्या सरकारी कंपनीने केवळ अधिक नफ्यासाठी गरजवंतांना आपसांत बोली लावायला लावणे न्यायालयाला मान्य झाले नाही.

त्यानंतर त्याच महिन्यात कंपनीने अंतरिम धोरण आखले व मूलभूत क्षेत्राबाहेरच्या कारखान्यांसाठी जाहीर दरावर २० टक्के वाढ केली. पुन्हा दावे झाले. कलकत्ता उच्च न्यायालयाने ही वाढ अवैध ठरवून परताव्याचा आदेश दिला. परंतु २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि ही वाढ वैध मानली. एकाच कंपनीचा एक भेद कायद्यात बसला नाही व दुसरा बसला, हे पाहून सामान्य माणूस गोंधळतो. पण निरनिराळे दर असणे हाच मुळात अन्याय, असे न्यायालयांनी कधी म्हटलेले नाही. प्रत्येक वेळी भेदामागचे कारण तपासले गेले.

हे कारण कसे तपासावे? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी रास्त किमतीचा विचार करताना एक सूक्ष्म भेद दाखवला होता. वस्तू हातची गेल्याने विकणाऱ्याचे खास नुकसान होत असेल, तर तो अधिक किंमत घेऊ शकतो. परंतु केवळ घेणाऱ्याची गरज मोठी आहे म्हणून किंमत वाढवणे योग्य नाही. ती गरज विकणाऱ्याच्या मालकीची नसते. सातशे वर्षांनंतरही मक्तेदाराला लावण्यास याहून नेमकी कसोटी मला तरी दिसत नाही. गरिबाच्या चुलीसाठी किंवा सर्वांच्या विजेसाठी दर कमी ठेवणे हा एक हेतू झाला. गिऱ्हाइकाला दुसरे दुकानच नाही, हे हेरून दर चढवणे हा अगदी निराळा हेतू होय. कागदावर दोन्हींची आकडेमोड सारखीच दिसेल.

आता दुसरा, आणि माझ्या मते अधिक अवघड प्रश्न. समजा, जादा दर बेकायदा ठरला. पावती कारखानदाराच्या नावाची, वकीलही त्याचाच. म्हणून परतावा त्याला. परंतु त्याने ती रक्कम आपल्या मालाच्या किमतीत घालून केव्हाच वसूल केली असेल तर? मग त्याला तेच पैसे दुसऱ्यांदा मिळतील. ज्या गृहिणीने, ज्या सुताराने किंवा गवंड्याने तो भार खरोखर वाहिला, त्याच्याकडे ना पावती आहे, ना वकील. पुष्कळदा त्याला आपण असा भार वाहिला याची जाणीवही नसते.

वस्तूंवरील करांच्या बाबतीत आपल्या कायद्याने या प्रश्नाला तोंड दिले आहे. १९९१ साली अबकारी कायद्यात दुरुस्ती होऊन ग्राहक कल्याण निधीची तरतूद झाली. १९९६ च्या डिसेंबरात मफतलाल इंडस्ट्रीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितले की, कराचा भार आपण पुढे ढकललेला नाही हे दाखवील त्यालाच परतावा मिळेल. ज्याचे नुकसानच झाले नाही, त्याने भरपाई कशाची मागावी? आणि खरा भार वाहणारा सापडत नसेल, तर ती रक्कम जनतेच्या वतीने शासनाकडेच राहू द्यावी.

गंमत अशी की, संत थॉमस यांनीही याच अडचणीचा विचार केला होता. ज्याचे देणे आहे तो माणूसच अज्ञात असेल, तर ती रक्कम दानधर्मात द्यावी. मात्र आधी त्याचा कसून शोध घ्यावा, असे त्यांचे मत होते. शोधाची ही अट मला फार मोलाची वाटते. कारण ती वगळली, तर ज्याने चुकीने घेतले त्यालाच ते ठेवून घेण्याची सोय होते. जनतेचे पैसे जनतेकडेच राहिले, असे शासनाने म्हणणे सोपे आहे. पण ज्याच्या खिशातून ते गेले, तो माणूस आणि ‘जनता’ ही एकच व्यक्ती नव्हे.

जक्कयही शासनासाठीच वसुली करणारा जकातदार होता. प्रभू येशू त्याच्या घरी उतरला, तेव्हा त्याने दोन निरनिराळे संकल्प केले. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचा एक, आणि ज्याला नाडले असेल त्याला चौपट परत करण्याचा दुसरा. गरिबांना दिले म्हणून नाडलेल्यांचे देणे फिटले, असा हिशेब त्याने मांडला नाही.

हे सारे मोठ्या कंपन्यांचे व्यवहार आहेत, आपला त्यांच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. काही वर्षांपूर्वी आमच्या एका जुन्या घराच्या वीजबिलात पूर्वी जादा आकारलेली रक्कम वजा होऊन आली. मी समाधानाने कागद घडी घालून ठेवत होतो, तोच पत्नी म्हणाली, “अहो, त्या वर्षी तिथे भाडेकरू राहत होते ना? बिल त्यांनीच भरलं होतं.” कायद्याने मीटर माझ्या नावावर होते. माझ्याकडे कोणी मागायला येणार नव्हते. ते कुटुंब कोठे गेले हेही मला ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर शोधण्याचा मला कंटाळा आला होता. तीन-चार जणांकडे चौकशी केल्यावर पत्ता लागला. रक्कम मोठी नव्हती. पण तो माणूस घरी येऊन पैसे मोजून घेत असताना मला उमगले की, इतके दिवस मी जो परतावा ‘मिळाला’ असे म्हणत होतो, तो वास्तविक माझ्याकडे केवळ ठेवायला आला होता.