कपाळावरचं आणि रक्तातलं

पाचवीच्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. सटवाई येते, बाळाचं नशीब लिहून जाते. ते वाचता येत नाही, पुसता तर येतच नाही. एचआयव्हीच्या तपासणीने ही समजूत नव्या वेषात परत आणली. जांभळ्या झाकणाच्या नळीत थोडंसं रक्त, आणि कागदावर दोन आकडे: प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी किती उरल्या आणि एका मिलिलीटरमध्ये विषाणूच्या प्रती किती. जॉन मेलर्स आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली अमेरिकेतल्या १,६०४ बाधित पुरुषांचा हिशेब मांडला. प्रती ३०,०००च्या वर होत्या त्यांतल्या ८० टक्क्यांना सहा वर्षांत एड्स झाला. ५०० किंवा त्याहून कमी होत्या त्यांतल्या ५.४ टक्क्यांना. सटवाईचं अक्षर अखेर लागलं, असं कुणालाही वाटावं.

मला तसं वाटत नाही. एक तर तो आकडा जमावाबद्दल बोलतो, त्या ५.४ टक्क्यांत आपण आहोत की नाही, हे तो कुणालाच सांगत नाही. दुसरं, त्यात एक ‘जर’ दडलेला आहे: विषाणूला कुणी अडवलं नाही तर. वेदान्त प्रारब्धाला सुटलेल्या बाणाची उपमा देतो, आणि क्रियमाण, म्हणजे आत्ता घडत असलेलं कर्म, अजून हातात असतं. आपण बराच काळ क्रियमाणाला प्रारब्ध समजून बसलो. भारतात मोफत औषधं १ एप्रिल २००४पासून मिळू लागली, पण सीडी-४ दोनशेच्या, पुढे साडेतीनशेच्या खाली घसरेपर्यंत बहुतेकांना थांबावं लागे. म्हणजे भाकीत खरं ठरू लागलं की मगच त्याला आवर घालायचा! ‘स्टार्ट’ या चाचणीत सीडी-४ पाचशेच्या वर असलेले ४,६८५ जण होते. लगेच औषध घेणाऱ्यांत गंभीर आजार वा मृत्यूचा धोका ५७ टक्क्यांनी कमी निघाला, हे २०१५ साली कळलं. २०१७पासून आपल्याकडेही आकडा न पाहता गोळ्या सुरू होतात. मग सीडी-४ मोजायचंच कशाला? कारण उशिरा येणारे अजून येतात, आणि दोनशेच्या खाली क्षयासारखे आजार टपलेले असतात.

कुणी म्हणेल, रोग हेच मुळी कर्माचं फळ. पण आईकडून लागण झालेल्या तान्ह्या बाळाच्या आणि त्याच्या बापाच्या रक्तात विषाणू तोच असतो. तो कुठल्या वाटेने आला याची नोंद सीडी-४च्या आकड्यात नसते. कर्मसिद्धान्त मानणाऱ्यानेही फळावरून शेजाऱ्याचं कर्म ओळखल्याचा दावा करू नये. तेवढी दृष्टी त्याला कुणी दिलेली नाही.

याहून अवघड आक्षेप दुसराच आहे: सगळं क्रियमाणावर सोपवलं की गोळी चुकली तो दोष रोग्याचाच ठरतो. शहादा तालुक्यातल्या म्हसावदच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या या पट्ट्यातून पाहिलं की हे टिकत नाही. इथली माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. क्रियमाण एकट्या माणसाचं असतं हे गृहीतच इथे लंगडं पडतं. गोळी रोज पोटात जाण्यात औषधं देणाऱ्या केंद्राचा, रस्त्याचा, मजुरीचाही वाटा असतो. टोळी कधी निघणार हे उचल देणारा मुकादम ठरवतो, आणि गोळ्या संपायची तारीख केंद्राच्या कार्डावर असते.