परक्या मृतांचे ऋण

युद्धात पडलेल्या सैनिकाची स्मृती कोणाच्या मालकीची असते? त्याला जन्म देणाऱ्या गावाची, त्याला लढावयास पाठविणाऱ्या राज्याची, की ज्या मातीत त्याचे रक्त सांडले त्या मातीतील माणसांची? प्रश्न इतिहासाचा वाटतो. पण थोडे खोल उतरले की तो नीतीचा आणि श्रद्धेचा आहे, हे ध्यानी येते.

दारव्हा-यवतमाळ रस्त्यावरील आमच्या बोरी अरबमध्ये बसून असा प्रश्न विचारणे काहींना अनाठायी वाटेल. येथे चर्चा चालते ती पावसाची आणि कापसाच्या भावाची. आमच्याच जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ शिवणी येथे एप्रिल 1818 मध्ये दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या सैन्याचा कर्नल ॲडम्सच्या फौजेने पराभव केला. परंतु त्या रणात पडलेल्यांसाठी आमच्यापैकी कोणी कधी प्रार्थना केल्याचे आम्हांस आठवत नाही. ते आमचे कोण, असे आपण मनाशी म्हणतो आणि पुढे जातो. हे 'आमचे कोण' म्हणणे कितपत न्याय्य आहे, याचाच येथे विचार करावयाचा आहे.

नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला लिम्बुर्ग नावाचा, परंपरेने कॅथलिक असलेला प्रांत आहे. सप्टेंबर 1944 मध्ये अमेरिकन सैन्याने तो भाग जर्मनांच्या ताब्यातून सोडविण्यास आरंभ केला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मारग्रातेन या खेड्याबाहेरच्या शेतजमिनीत आपल्या मृतांसाठी दफनभूमी आखली. 1945 पासून तेथील कुटुंबांनी एकेक कबर दत्तक घेतली. फुले वाहावी, नाव लक्षात ठेवावे, शक्य झाल्यास अमेरिकेतील आप्तांना पत्र लिहावे, एवढाच तो करार. युद्ध संपल्यावर अमेरिकेच्या शासनाने प्रत्येक कुटुंबाला विचारले, 'तुमच्या माणसाचे अवशेष घरी आणावेत की तिकडेच असू द्यावेत?' पुष्कळांनी ते परत नेले. तरीही आज तेथे आठ हजारांहून अधिक कबरी आहेत. त्यांतील प्रत्येकीला पालक आहे, आणि नव्या पालकांना आपली पाळी येण्याची वाट पाहावी लागते. आजीने सांभाळलेली कबर आता नातीकडे आली आहे. ज्याचा आवाज कधी ऐकला नाही, अशा परक्या मुलाचा दिवस त्या घरी पाळला जातो.

असेच एक ऋण आपल्या महाराष्ट्राच्या वाट्यालाही आले आहे. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. 10 जुलै 1944 रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते धारातीर्थी पडले. वय अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर कोठे, हे कोणास ठाऊक नाही. कासीनो येथील स्मारकावर त्यांचे नाव तेवढे आहे. माणगावला त्यांचा पुतळा उभा आहे, हे स्वाभाविकच. परंतु 2023 च्या जुलैत इटलीच्या उंब्रिया प्रांतातील मोंतोने या गावाने त्यांच्या नावे एक सूर्यघटिका उभारली. आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत, या अर्थाचे लॅटिन शब्द तिचे ब्रीद आहेत. सूर्याला भाऊ म्हणणारे संत फ्रान्सिस याच उंब्रियाचे, हे वाचकांना सांगावयास नको. एका हिंदू मराठी सैनिकाला कॅथलिक खेड्याने एकोणऐंशी वर्षांनंतर आपला म्हटले.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळण्याजोगा नाही. शांतीच्या राजाला मानणाऱ्यांनी शस्त्रधाऱ्यांची स्मारके जपावीत काय? पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी ऑगस्ट 1917 मध्ये युद्धात गुंतलेल्या राष्ट्रप्रमुखांना लिहिताना त्या महायुद्धाला निरर्थक संहार म्हटले होते. मग त्या संहाराला फुले कशाला वाहावयाची?

घाडगे यांच्या पराक्रमाचीच हकिगत पाहावी. तुकडीतील सारे सहकारी ठार वा जखमी झाल्यावर ते एकटे मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्बने तोफ आणि ती चालविणारा निकामी केला, एकाला गोळी घातली, आणि बंदूक पुन्हा भरावयास अवधी नसल्याने उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांचा अंत झाला. मुलांना ही कथा सांगताना आपण धावून जाण्याचा भाग सांगतो. दस्त्याचा भाग गाळतो. परंतु ते दोघेही कोणा मातेचेच पुत्र होते. आमचे म्हणणे असे की, गाळलेला भागही सांगितला पाहिजे. त्याने वीराचे मोल उणे होत नाही. युद्धाचे मोल मात्र कळते. शौर्यापुरतीच जपलेली आठवण पुढच्या युद्धासाठी माणसे गोळा करते. किंमतीसह सांगितलेली आठवण माणसाला गुडघ्यावर आणते.

सत्य अर्धे ठेवण्याचा मोह किती सूक्ष्म असतो, हे मारग्रातेननेच दाखविले आहे. 1944 च्या पावसात आणि चिखलात तेथील कबरी खणल्या त्या मुख्यतः कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिकांनी. त्या काळी अमेरिकेच्या सैन्यात वर्णभेद होता. मरण एकत्र, पण पलटणी वेगळ्या. त्या खणणाऱ्यांपैकी जेफरसन विगिन्स यांनी कित्येक दशके याविषयी मौन पाळले. 2009 मध्ये ते मारग्रातेनला परतले तेव्हा लोकांना त्या कामाची खरी वेदना समजली. पुढे तेथील माहितीकेंद्रात कृष्णवर्णीय सैनिकांविषयी फलक लागले. 2025 मध्ये ते काढले गेल्याचे उघडकीस आले, आणि ते परत लावावेत अशी मागणी स्थानिक लोकप्रतिनिधींनी आणि रहिवाशांनी केली. कबरीवर फुले आहेत, पण कबर खणणाऱ्याचे नाव पुसले आहे. अशा स्मृतीला संपूर्ण कोण म्हणेल? आणि ते नाव परत मागण्यास पुढे आले ते परदेशातील खेडूत, हेही विसरता येत नाही.

यावरून आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर सुचते. मृताच्या स्मृतीची मालकी कोणाकडेच नसते. असते ती केवळ राखण. जो राखतो त्याला हक्क मिळत नाही, जबाबदारी मिळते: नाव जपण्याची, खरे सांगण्याची आणि सांगितलेले पुढे देण्याची. पेटीत कुलूपबंद ठेवलेले पदक हेही एक प्रकारचे दफनच होय. पवित्र शास्त्रातील तोबित परक्या राज्यात, राजाचा रोष पत्करून, रस्त्यावर टाकलेल्या प्रेतांना मूठमाती देत असे. मृतांना पुरणे हे ख्रिस्तसभेने शारीरिक दयाकृत्यांत गणले आहे, आणि त्यात आपला-परका असा भेद केलेला नाही. शोमरोन्यानेही वाटेवर पडलेल्याची जात विचारली नव्हती.

आणि परके तरी खरोखर परके कोठे? कामठीची छावणी 1821 ची. तेथील कॅथलिक सैनिकांची धार्मिक सेवा हे विदर्भातील आरंभीच्या धर्मगुरूंचे एक प्रमुख काम होते. आपली ख्रिस्तसभा या भागात रुजली, त्या मुळांशी परदेशी शिपायांच्याही कबरी आहेत.

मग आमच्यासारख्या लहान गावांनी काय करावे? आमच्याकडे सूर्यघटिका नाही आणि स्मारकासाठी निधीही नाही. परंतु कॅनन लॉच्या 1182 व्या कलमानुसार प्रत्येक दफनाची नोंद मृतांच्या नोंदवहीत करावी लागते. ती वही धर्मग्रामातील धर्मगुरूंच्या अनुमतीने उघडून सैनिकांची नावे उतरवून घेता येतील. ज्या घरी लष्करातून निवृत्त झालेले वडीलधारे आहेत, तेथे त्यांचे बोलणे त्यांच्या हयातीतच लिहून काढता येईल; ते सांगतील तेवढे, आणि न सांगण्याचा त्यांचा हक्क राखून. त्यांच्याबरोबर मागे राहिलेल्या पत्नीने घर कसे चालविले, हेही त्याच वहीत यावे. नोव्हेंबरात सर्व मृतांच्या दिनी आपण दफनभूमीत मेणबत्त्या लावतो. त्यांतील एक ज्याचे कोणी येणार नाही त्याच्यासाठी असावी: शिवणीच्या रणातील शिपायासाठी, घाडगे यांच्यासाठी, आणि त्यांच्या हातून मेलेल्या त्या निनावी सैनिकांसाठीही. देवाच्या दरबारी ते एकमेकांना भेटले असतील. तेथे त्यांना कोणी एकमेकांचे शत्रू म्हणत नसेल, ही आमची आशा आहे.