संक्षेप आणि विशेष

भ्रमणध्वनीवरील संदेशांमुळे भाषा आखूड झाली आणि म्हणून निकृष्ट झाली, ही तक्रार आता जुनी झाली आहे. ती मुळातच टिकणारी नव्हती. 'ओएमजी' ही अक्षरे अ‍ॅडमिरल फिशर यांनी चर्चिल यांना १९१७ साली लिहिलेल्या पत्रात आढळतात. आपल्याकडे तर 'कृ. सा. न. वि. वि.' एवढ्यावर कित्येक पिढ्यांच्या पत्रांचा प्रारंभ झाला. लघुसंदेशाची १६० रोमन अक्षरांची मर्यादा देवनागरीत ७० वर येत असे, हे यांत्रिक कारणही विसरता येत नाही.

प्रश्न लांबीचा नसून खरेपणाचा आहे. आंतरजालावरील मराठी मंडळींनी 'हसून हसून पुरेवाट' या उक्तीचे 'हहपुवा' केले. ते लिहिणाऱ्याच्या चेहऱ्यावरची रेषाही बहुधा हललेली नसते. मग हे असत्यकथन मानायचे काय? १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत जे. एल. ऑस्टिन यांनी दाखविले की, काही उक्ती विधाने नसतातच. त्या कृती असतात. त्यांना खरेखोटेपणाची कसोटी लागत नाही. त्या साधतात किंवा फसतात. 'हहपुवा' ही सोबत दिल्याची खूण आहे. तक्क्याला टेकून साष्टांग नमस्कार लिहिणाऱ्या आपल्या पूर्वजांना कोणी खोटारडे म्हटले नाही, मग या बापड्यांनाच का म्हणावे?

परंतु हा युक्तिवाद 'आरआयपी'पाशी येऊन अडतो. सांत्वन हीदेखील कृतीच. आणि ऑस्टिन यांच्याच मते भावनेवाचून केलेले सांत्वन घडते खरे, पण पोकळ घडते. हा पोकळपणा अक्षरे तीनच असल्यामुळे येतो, असे मात्र मला वाटत नाही. जुन्या मायन्यातील शेवटची दोन अक्षरे पाहावीत : 'वि. वि.', म्हणजे विनंती विशेष. तेथवर सारे ठरीव होते, म्हणूनच ते आखडता येत होते. 'विशेष' मात्र त्यानंतर, पूर्ण शब्दांत, त्या एका माणसासाठी लिहावे लागे. संक्षेप हा उंबरठा होता. 'आरआयपी'त उंबरठा आहे आणि पुढे घर नाही. शिवाय मुळात ती मृतासाठी केलेली प्रार्थना. मागे उरलेल्याला ती संबोधतच नाही. एखाद्या समूहात अशी चाळीस त्र्यक्षरे ओळीने उमटतात, तेव्हा जिचा नवरा गेला त्या बाईशी कोणीच बोललेले नसते.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. दुखवट्याला गेलेली माणसेही फारसे बोलत नाहीत; कोपऱ्यात बसतात, चहा नाकारतात, उठून जातात. ते मौन आपण पोकळ मानत नाही. तीन अक्षरे ही त्या बसण्याचीच जागा घेत असतील तर? घेतही असतील, जो परदेशी आहे, ज्याला शब्द सुचत नाहीत, त्याच्या बाबतीत मी ते मान्य करीन. पण बसणाऱ्याने आपली दुपार दिलेली असते आणि त्याचे बसणे कोणाला तरी दिसते. चाळिसावे 'आरआयपी' मुख्यतः उरलेल्या एकोणचाळिसांना दिसते.

याच आंतरजालीय मराठीत 'भापो' असा एक संक्षेप आहे : भावना पोचल्या. शब्द चुकले तरी हेतू कळला, असे तो सांगतो, बहुधा थट्टेने. विशेष हे की, तो बोलणाऱ्याचा नाही, ऐकणाऱ्याचा आहे. त्या चाळीस संदेशांखाली 'भापो' लिहिण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला होता, आणि तिचे उत्तर येण्याआधीच समूहातील गप्पा पुढे सरकलेल्या असतात.