वाटा

बारामतीतल्या एका बँकेत, कर्ज विभागाच्या टेबलापुढं दाजी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. पिशवीत सात-बाराचे उतारे, आठ-अ, तीन हंगामांच्या ऊसबिलाच्या पावत्या. शेजारच्या खुर्चीत माझी भाची, तिच्या मांडीवर प्लॅस्टिकची फाइल. मी मागं उभा. अधिकारी तरुण होता, बोलायला चांगला होता. त्यानं उतारे हातात घेतले, वरचा एक पाहिला आणि परत दिले. "काका, शिक्षणाच्या कर्जाला शेतजमीन तारण चालत नाही. बिगरशेती प्लॉट, फ्लॅट, ठेवी असं काही आहे का?"

दाजींना वाटलं, त्याला नीट कळलं नसावं. त्यांनी समजावून सांगितलं: इंदापूर तालुका, चार एकर, नीरा डाव्या कालव्याचं पाणी, बोजा काही नाही. विकायला काढली तर उद्या गिऱ्हाईक दारात येईल.

"तुम्हाला विकता येईल काका," तो म्हणाला, "आम्हाला येत नाही ना."

कारण सरळ आहे. 2002 च्या सरफेसी कायद्यानं बँकांना कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन विकायचा अधिकार दिला, पण त्याच कायद्याच्या कलम 31 नं शेतजमीन त्यातून वगळली. शेतकऱ्याची जमीन सहजी जाऊ नये म्हणून केलेली तरतूद, आणि ती चांगलीच आहे. फक्त तिचा परिणाम असा होतो की त्याच जमिनीवर पीककर्जाचा बोजा चढतो, आणि पोरीच्या शिक्षणाचा म्हटलं की बँक हात आखडते. दाजींनी उतारे पिशवीत घातले आणि मागं वळून माझ्याकडं पाहिलं. काही बोलले नाहीत. माझा बारामतीत फ्लॅट आहे, हे तिथं आम्हा तिघांनाच माहीत होतं.

भाचीनं इथंच बी.एस्सी. ॲग्री केलं. नेदरलँड्समधल्या वागेनिंगनला, शेतीच्या अभ्यासासाठी जगभर नावाजलेल्या विद्यापीठात, तिला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला आहे. विषय माती आणि पाणी. हा विषय तिनं पुस्तकात बघून निवडलेला नाही. दाजींच्या चार एकरांपैकी खालच्या अंगाच्या तीसेक गुंठ्यांवर उन्हाळ्यात पांढरं फुटतं, चुना सांडल्यासारखं. ऊस गुडघ्याच्या वर जात नाही. 1876-77 च्या दुष्काळानंतर या भागात कालव्याचं पाणी आलं, पाठोपाठ ऊस आला आणि उसामागोमाग क्षार वर आले. हे आजचं नाही. हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. तम्हाणे या दोघांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यासाठी 1910 सालीच एक पुस्तिका लिहिली आहे. एक इंग्रज आणि एक मराठी रसायनतज्ज्ञ आमच्या मातीचे नमुने तपासून गेले, त्याला शतक उलटलं, आणि दाजी अजून त्या तुकड्यात जिप्सम टाकतात आणि पावसाची वाट बघतात.

आक्काचा प्रश्न साधा होता. "इथं शिकवत न्हाईत का हे?" शिकवतात. राहुरीला 1968 पासून कृषी विद्यापीठ आहे. दुष्काळ, क्षार असल्या ताणांवर संशोधन करणारी केंद्राची संस्था तर आमच्या माळेगावलाच आहे. मीही भाचीला तेच म्हणालो. ती म्हणाली, "मामा, इथं शिकले तर मी तुमच्यासारखी शिकवीन. वाईट नाही ते. पण मला ते तीस गुंठे दुरुस्त करायचेत, आणि समुद्रातून जमीन काढून त्यातलं मीठ धुणाऱ्या लोकांकडून मला ते शिकायचंय."

"तुमच्यासारखी" हा शब्द मला लागला, हे कबूल करतो.

सत्तावीस वर्षं मी कॉलेजात शिकवतो आहे. या काळात माझ्या टेबलासमोर किती पोरं 'सर, पुढं काय करू?' म्हणून बसली असतील, मोजलेली नाहीत. एमपीएससी करू का, पुण्याला जाऊन अभ्यासिका लावू का, एम.बी.ए. करू, का घरचं दूध बघू. प्रत्येकाला मी काहीतरी सांगितलं. हल्ली परदेशी शिक्षणाचे सल्लागारही गावोगाव झालेत. त्यातल्या अनेकांना पोरानं प्रवेश घेतला की परदेशी विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. मी त्यांना नावं ठेवत आलो, कारण मला कमिशन मिळत नव्हतं. पण मला काही मिळत नव्हतं, तसं माझं काही जातही नव्हतं. पोरगं चुकलं तर त्याची वर्षं जायची, मी पाच वाजता घरी. सल्ला फुकट असतो तेव्हा तो देणाऱ्याचं मत खरं किती, हे त्याला स्वतःलासुद्धा कळत नाही. त्या दिवशी बँकेतून बाहेर पडताना मला पहिल्यांदा माझ्या मताची किंमत कळली. 40 लाखांचं कर्ज, तारण माझा फ्लॅट. एकूण खर्च 60 लाखांच्या पुढं.

त्या रात्री मी हिशेब मांडून पाहिला. तिकडं पदवीनंतर नोकरी शोधायला एक वर्ष राहता येतं, पगार किती, हप्ता किती, नाही मिळाली तर काय. हिशेब चुकीचा नव्हता, पण त्यात भाची कुठंच नव्हती. एल. ए. पॉल या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंचं 2014 सालचं एक पुस्तक आहे, माणसाला बदलून टाकणाऱ्या अनुभवांविषयी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: काही निर्णय असे असतात की घेण्याआधी त्यांची चव कळूच शकत नाही, आणि घेतल्यावर चव घेणारा माणूसच वेगळा झालेला असतो. मूल होणं, हे त्यांचं उदाहरण. अशा वेळी 'मला काय आवडेल' हा प्रश्न विचारून उपयोग नसतो, कारण त्यातला 'मी' अजून जन्मायचा असतो. पोरगी सासरी पाठवणाऱ्या कुठल्याही आईला हे पुस्तक न वाचता माहीत असतं. पण मला त्याचा उपयोग वेगळ्या ठिकाणी झाला. दाजींनी दुसऱ्या दिवशी अट घातली तिथं.

"परत येणार असली तर हरकत न्हाई," ते म्हणाले. "तिनं तसं सांगावं. मग पाव्हणं, तुमी फ्लॅट द्या न्हाईतर मी एकर काढतो."

अट गैर नव्हती. ज्याचा पैसा त्यानं विचारावं. पण वचन देणार आजची बावीस वर्षांची पोरगी, आणि ते पाळणार पंचविशीची दुसरीच कुणीतरी, जिला आम्ही कुणी अजून भेटलेलो नाही. एकीनं दुसरीच्या वतीनं सही करायची, हे कितपत खरं?

यावर विचार करताना बाबासाहेब आंबेडकरांचा करार आठवल्याशिवाय राहत नाही. 1913 च्या जूनमध्ये त्यांनी बडोदा संस्थानाशी करार केला: तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर संस्थानाची दहा वर्षं नोकरी. सयाजीरावांची अट उदार होती आणि आंबेडकरांनी ती मनापासून मान्य केली असणार. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धा टाकून ते 1917 मध्ये बडोद्याला हजर झाले, करारानुसार. शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी सराईत नाव बदलून राहिले, तिथून अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी बाहेर काढलं. गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून होते. हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. दहा वर्षांची नोकरी झाली नाही. मग करार कुणी मोडला? कागदावर बघितलं तर आंबेडकरांनी. पण त्या साडेअकरा पौंडांची परतफेड त्यांनी ज्या रीतीनं केली, ती कुठल्या करारात लिहिता आली असती? आपल्याकडं ऋषिऋण म्हणतात त्याची रीतही अशीच. ते ऋषींना परत द्यायचं नसतं. शिकून फेडायचं असतं, म्हणजे ज्यानं दिलं त्याच्याकडं ते परत जातच नाही.

भाचीची तुलना मी त्यांच्याशी करत नाही, करूही नये. ही बागायतदाराच्या घरातली पोर, हिला घर भाड्यानं देताना इथं कुणी जात विचारून दार लावलेलं नाही. मला एवढंच म्हणायचं होतं की परत येण्याच्या अटीवर दिलेला पैसा आणि परत येणारा माणूस यांचा मेळ बसेलच असं नाही, आणि तो बसला नाही म्हणजे कुणी कृतघ्न झालं असंही नाही. दाजींना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "तुमचं बोलणं बरोबर आसंल," ते म्हणाले, "पण मग मी एकर काढतो. पोरीसाठी बापानं जमीन विकली तर त्यात लिहायचं काय. ती काय आमाला इसरणार हाय?"

इथं भाची बोलली. ती भाकरीच्या टोपल्याजवळ बसली होती. म्हणाली, "पप्पा, उपकार म्हणून नका विकू. माझा वाटा विका."

घर एकदम गप्प झालं. आक्कानं तवा उतरवला. धाकटा भाचा मोबाइल खाली ठेवून बहिणीकडं बघायला लागला. 'वाटा' हा शब्द आमच्याकडं पोरीच्या तोंडी येत नाही. कायद्यात तो आहे. महाराष्ट्रानं 1994 साली आणि केंद्रानं 2005 साली मुलींना वडिलार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क दिला. लग्न झालं की पोरीला बोलावून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, ही त्यावर आमच्या भागानं काढलेली तोड. न देणारीला माहेर तुटतं. म्हणून सगळ्या देतात, हसत देतात.

जमीन तीच होती. बापानं विकली तर माया, पोरीनं मागितली तर भांडण. तिचं म्हणणं मला पुढं उमगलं. मायेनं विकलेल्या एकराचा हप्ता कधीच संपला नसता. दर दिवाळीला, दर फोनला, 'तुझ्यासाठी एकर विकला' हे कुणी न बोलताही बोललं गेलं असतं. भावानं तर नक्कीच धरलं असतं, कारण त्याच्या हिशेबी तो त्याचा एकर. बँकेचं कर्ज वीस वर्षांत का होईना फिटतं आणि बँक दाखला देते. हक्काचं घेतलेलं फेडायचंच नसतं. उपकाराचा दाखला कुठल्या शाखेत मिळतो?

दाजी रागावले नाहीत, याचं मला आश्चर्य वाटलं. बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "वीस गुंठं काढू वरचं. वाट्यात धरू." भाचा उठून बाहेर गेला. त्याचं काय करायचं हे अजून आम्हाला माहीत नाही.

राहिला फ्लॅट. मी होकार दिला, आणि दोन दिवस स्वतःवर खूश होतो. मामा असावा तर असा, असं आमच्या हिनंही म्हटलं. तिसऱ्या दिवशी बँकेच्या वकिलाला द्यायचे म्हणून जुने कागद काढले. फ्लॅटच्या खरेदीखताखाली, त्याच पिशवीत, 2001 सालचा एक कागद होता. वडील गेल्यावर इंदापूरला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आक्कानं मला लिहून दिलेलं हक्कसोडपत्र. तिची सही, शेजारी अंगठ्याचा ठसा. मोबदला: काही नाही, प्रेमापोटी. मला तो दिवस चांगला आठवतो. येताना मी तिला साडी घेतली होती, स्टँडजवळच्या दुकानातून. पुढं ती जमीन मी विकली आणि त्या पैशांत हा फ्लॅट आला.

म्हणजे आक्काच्या पोरीसाठी मी माझं घर गहाण ठेवत होतो, असं नाही. हे मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं असंही म्हणवत नाही. मी त्या बाजूला बघत नव्हतो. भाचीनं चुलीपुढं बसून एका वाक्यात जे मागितलं, ते तिच्या आईनं मला एका सहीत देऊन टाकलं होतं, आणि पोरांना सल्ले देणाऱ्या माझ्या टेबलावर हा विषय कधी आला नव्हता.

आक्काला मी फोन केला. म्हटलं, सहीच्या दिवशी तूही ये. "माजं काय काम तिथं?" म्हणाली, पण आली.

अधिकारी तोच होता. वकिलाचा सर्च रिपोर्ट आला होता, मूल्यांकन झालं होतं. त्यानं एकेक पान पुढं सरकवलं, मी सही करत गेलो. शेवटच्या पानावर त्यानं बोट ठेवलं. "सर, हे वाचून घ्या. या मालमत्तेवर तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचाही हक्क, हितसंबंध नाही, असं प्रतिज्ञापत्र आहे."

माझं पेन थांबलं. आक्कानं ऐकलं होतं. तिनं पदर सारखा केला आणि भाचीच्या फाइलकडं बघत म्हणाली, "कर की रं सही. उशीर होतोय पोरीला."