ते यंत्र बंद कोणी करायचं?

ख्रिस्तोफर नोलनच्या ‘द डार्क नाइट’मध्ये (२००८) जोकरला गाठण्यासाठी बॅटमॅन गॉथम शहरातला प्रत्येक मोबाइल गुपचूप आपल्या पाळतीच्या यंत्राला जोडतो. त्याला साधनं पुरवणारा ल्यूशियस फॉक्स ते पाहून हादरतो. एका माणसाच्या हाती एवढी सत्ता नको, असं त्याचं म्हणणं. मदत एवढ्या एकाच वेळी करीन, पण यंत्र राहणार असेल तर मी इथे राहणार नाही, असं तो बजावतो. तुम्ही म्हणाल, यात पेच कुठे आहे? विदूषकाचे मुखवटे चढवलेले लोक ओलीस आहेत आणि डॉक्टरांच्या वेशातले लोक गुंड, हे त्या यंत्रामुळेच कळलं. नाहीतर पोलिसांनी निरपराधांवरच गोळ्या झाडल्या असत्या. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. एवढंच नव्हे, जोकरने स्फोटकं पेरलेल्या दोन बोटींवरच्या प्रवाशांनी एकमेकांना उडवायचं नाकारलं, तरी त्यांच्या या सज्जनपणाने ते वाचले नसते. दोन्ही बोटी उडवायला जोकर तयारच होता, आणि त्याच्यापर्यंत बॅटमॅन पोचला तो पाळतीच्या जोरावर.

म्हणून यंत्र वापरावं की नाही, यापेक्षा ते थांबवणार कोण, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. चित्रपटात काम संपल्यावर फॉक्स आपलं नाव टाइप करतो आणि यंत्र आपोआप नष्ट होतं. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. प्रत्यक्षात काय घडतं? अमेरिकेत २००१ साली दहशतवादविरोधी पॅट्रिअट कायदा झाला, तेव्हा पाळतीच्या बऱ्याच कलमांना २००५ अखेरची मुदत घातलेली होती. म्हणजे फॉक्सची ती सोय तिथे कागदावर होती. पण २००६ मध्ये त्यातली बहुतेक कलमं कायम झाली. कलम २१५ ची मुदत वाढत राहिली, आणि त्याच कलमाच्या आधाराने लाखो अमेरिकनांच्या फोन-नोंदी गोळा होत होत्या, हे २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने उघड केलं.

तुम्ही म्हणाल, करमणुकीच्या चित्रपटावर कायद्याचं एवढं ओझं कशाला? कारण ते ओझं चित्रपटाने स्वतःच उचललं आहे. शहराचा आदर्श सरकारी वकील हार्वी डेंट याने केलेले खून बॅटमॅन स्वतःवर घेतो, शहराची आशा टिकावी म्हणून. आणि हे खोटं उदात्त वाटेल अशीच त्या शेवटाची मांडणी आहे. पण ‘द डार्क नाइट रायझेस’मध्ये (२०१२) नोलन त्याचा हिशोब मागतो. त्या खोट्याच्या पायावर डेंट कायदा उभा राहिलेला असतो, त्याखाली शेकडो कैदी पॅरोलविना डांबलेले असतात, आणि कमिशनर गॉर्डन खऱ्या हकिगतीचं भाषण लिहूनही ते वाचत नाही. मला नोलनचा हा दुसरा विचार अधिक प्रामाणिक वाटतो. पाळतीचं यंत्र त्याने एका सज्जन माणसाच्या नावावर संपवलं. खोटं मात्र सज्जनांच्याच हाती आठ वर्षं टिकलं, आणि ते कागद शेवटी लोकांसमोर वाचले ते बेनने, शहराचा विध्वंस करायला आलेल्याने.