आजीला घेऊन बोटीवर निघालीस म्हणून

वाशीम, कार्तिकी एकादशी

चि. नातीस,


जानेवारीत आई-बाबांना आणि आजीला मुंबई-गोवा क्रूझवर नेणार असल्याचं तुझ्या बाबाने सांगितलं. खर्चावरून मी बोलेन अशी तुला धास्ती होती म्हणे. नाही बोलत. तुझी कमाई, तुझी हौस. मी येत नाही ते तुरीमुळे. सोंगणी-मळणी तोंडावर असताना शेत सोडून जाणं मला जमायचं नाही. पण माझी सारी नोकरी मुंबईच्या बंदरात गेली. जहाजावर माणसं कुठे अडखळतात ते जवळून पाहिलंय, म्हणून हे पत्र. आजी माझं ऐकत नाही, तुझं ऐकते. तेव्हा तिच्यासाठीचंही तुलाच लिहितो.

पहिली गोष्ट वेळेची. समृद्धी महामार्ग आता पुरा झाला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून, शेलूबाजारला चढलं की थेट भिवंडीजवळ उतरता येतं. म्हणून तुझा बाबा म्हणेल, पहाटे निघू, दुपारी बोटीवर. त्याचं ऐकू नकोस. आमण्यापासून बॅलार्ड पिअरपर्यंतचा मुंबईचा रस्ता कोणाच्या हिशेबात बसत नाही, आणि टायर पंक्चर झालं म्हणून जहाज थांबत नाही. भरतीची वेळ, पायलट, टग, सगळं आधीच ठरलेलं असतं. आदल्या दिवशीच मुंबई गाठा. देशातल्या देशातला प्रवास असला तरी प्रत्येकाचं फोटो असलेलं मूळ ओळखपत्र हवं. मोबाइलमधला फोटो दाखवू, असं म्हणू नका.

टर्मिनलवर मोठ्या बॅगा तुमच्याकडून घेतात आणि त्या खोलीत पोचायला संध्याकाळ होऊ शकते. आजीच्या बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या, चष्मा, एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेव. गोळ्या दोन दिवसांच्या जास्त घे. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी आपल्या दवाखान्यासारखी नसते. तिथे औषधांचं दुकान म्हणावं असंही काही नसतं.

जहाज केवढं असतं ते आधी बघ. मुंबईहून २०२१ च्या सप्टेंबरपासून जे कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज फिरू लागलं, ते १९९० साली फ्रान्समधल्या सेंट-नाझेरच्या गोदीत बांधलेलं. तेव्हा त्याचं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’, मग ‘एम्प्रेस ऑफ द सीज’. लांबी २११ मीटर, अकरा मजले, आठशेच्या आसपास खोल्या. आता विचार कर, खलाशी आणि प्रवासी मिळून दोन हजारांवर माणसं, आणि त्यांना पाणी, वीज, हवा, जिने, संडासाच्या नळ्या सगळं एकच. मांडव घातलेल्या लग्नघरासारखं. फरक इतकाच, की इथे कंटाळा आला म्हणून शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसता येत नाही. तिथल्या बहुतेक रीतीभाती या एका गोष्टीतून निघाल्या आहेत.

संडासाचंच घे. तिथे हवेने ओढून नेणारी यंत्रणा असते, बटण दाबलं की मोठा आवाज होतो. आजी दचकेल, आधी सांगून ठेव. त्यात कागदाशिवाय काही टाकायचं नाही. ओला टिश्यू, पॅड, उरलेलं अन्न, काही नाही. एका खोलीतून गेलेली वस्तू दहा खोल्यांची लाइन तुंबवते. पाण्याचंही तसंच. बरंचसं गोडं पाणी जहाज समुद्राच्या पाण्यातूनच तयार करतं, त्याला इंधन जळतं. एकबुर्जी धरणाची पातळी खाली गेली की नळाचे दिवस मोजणाऱ्या वाशीमकरांना हे समजावून सांगावं लागू नये. तरी सुटीवर गेलेला माणूस नळ सोडून दात घासतो, हे मी पाहिलंय.

आणि आग. पाण्याच्या मधोमध असलेल्या जहाजाला सगळ्यात मोठी भीती आगीची असते. इस्त्री, किटली, लांब वायरचा बोर्ड यांपैकी काहीही बॅगेत निघालं तर काढून ठेवतात, आणि बरोबरच करतात. आजीची अडचण वेगळी आहे. तिला सकाळ-संध्याकाळ दिवा आणि उदबत्ती लागते. खोलीत काडी ओढली तर छतावरचा धूर ओळखणारा यंत्रदेव जागा होईल आणि अर्धा मजला दाराशी येईल. तिला म्हणावं, बालाजीचा फोटो आणि जपमाळ ने, दिव्याचं मी इथे बघतो.

आता सर्वात महत्त्वाचं, ज्याला माणसं सर्वात जास्त कंटाळतात: सुरक्षेची कवायत. चढल्याबरोबर भोंगा वाजतो, सगळ्यांना आपापल्या मस्टर स्टेशनवर, म्हणजे संकटात जमायच्या जागी, बोलावतात, लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात. लोक तेव्हा सेल्फी काढतात नाहीतर बुफेची चौकशी करतात. ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर घासून आडवं झालं, ३२ जीव गेले. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमात त्यासाठी २४ तासांची सवलत होती. त्या अपघातानंतर नियम बदलला. आता कवायत जहाज निघण्याआधी किंवा निघाल्याबरोबर घ्यावीच लागते.

इटलीपर्यंत जायची तरी काय गरज? १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात कलली आणि बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. गटारी अमावस्येला घरी निघालेली माणसं होती ती. आमच्या वेळी धक्क्यावरचे जुने कामगार त्या बोटीचं नाव आवाज खाली करून घ्यायचे. पुरेशी जॅकेटं नव्हती, आणि बोट कलल्यावर सैरभैर गर्दीला आवरणारं कोणी नव्हतं. आज तुझ्या खोलीच्या दारामागे जो नकाशा चिकटवलेला असेल, तो असल्या अपघातांतून आलेला आहे. तो वाच. आजीला हाताला धरून खोलीपासून मस्टर स्टेशनपर्यंत एकदा जिन्याने चालवून आण, कारण तशा वेळी लिफ्ट वापरायची नसते. सात किंवा जास्त छोटे भोंगे आणि मग एक लांब भोंगा, हा इशारा चौघांनाही पाठ हवा. आणि देव न करो, कोणी पाण्यात पडलेलं दिसलं तर ओरड, जवळची तरंगती रिंग फेक, आणि त्या माणसाकडे बोट दाखवत उभी राहा. नजर हलवायची नाही. लाटांत डोकं एकदा हरवलं की पुन्हा सापडणं फार कठीण.

बोट लागण्याची भीती तुझ्या आईला आहे, असं ऐकलं. एसटीत मळमळणाऱ्याला जहाजात होईलच असं नाही. मोठ्या जहाजाला दोन्ही बाजूंनी पंख असतात, ते डोलणं कमी करतात. शिवाय नारळी पौर्णिमेनंतर दर्या निवत जातो आणि थंडीत बहुधा शांतच असतो, म्हणून तुम्ही महिना चांगला निवडलात. खोली खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर घे, तिथे हेलकावा सर्वात कमी. उंचावरची, टोकाची खोली महाग पडते आणि डोलतेही जास्त. गोळी घ्यायची तर मळमळ सुरू होण्याआधी, डॉक्टरला विचारून घ्यावी. बहुतेक गोळ्यांनी झोप येते. बरं वाटेनासं झालं तर मोबाइलमध्ये मान घालून बसू नये. डेकवर येऊन क्षितिजाकडे बघावं, आल्याचा तुकडा चघळावा. रिकाम्या पोटी तर मुळीच राहू नये.

बिनखिडकीची खोली स्वस्त असते, पण दिवा घालवला की सकाळ आहे की मध्यरात्र तेही कळत नाही. आजीला त्यात कोंडल्यासारखं होईल. खिडकीची घेणार असशील तर एवढं लक्षात ठेव: मुंबईहून गोव्याकडे जाताना किनारा डाव्या हाताला आणि सूर्यास्त उजव्या हाताला, येताना उलट. निघताना मात्र खोलीत बसूच नका, वर डेकवर या. कुलाब्याच्या टोकापलीकडे १८७५ सालचं प्राँग्जचं दीपगृह दिसेल, पुढे डावीकडे अलिबागच्या बाजूला खांदेरी-उंदेरी. खांदेरीवरच्या दीपगृहाला कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे. मुंबई-गोवा मार्गावर २०१८ साली सुरू झालेल्या बोटीचं ‘आंग्रिया’ हे नावही त्यांच्यावरूनच. डेकवरचे दरवाजे वजनदार असतात आणि वाऱ्याने आपटतात, चौकटीत बोटं ठेवू नका. उंबरे उंच असतात. आजीचा एक हात सतत कठड्यावर हवा.

समुद्रात काही टाकायचं नाही. नदीच्या पुलावरून गाडी गेली की पैसा टाकायची, निर्माल्य सोडायची आपल्याला सवय. जहाजावरून फूल, नारळ, चॉकलेटचा कागद, काही नाही. प्लास्टिक तर ‘मार्पोल’ या आंतरराष्ट्रीय कराराने जगातल्या कुठल्याही समुद्रात टाकायला बंदी आहे. वरून टाकलेली वस्तू वाऱ्याने उलटून खालच्या मजल्यावरच्या माणसाच्या तोंडावर येते, हा वेगळा भाग. यावरून आठवलं: तुझ्या बाबाची खर्र्याची पुडी घरीच राहू दे. पिचकारीलाही हाच नियम लागू आहे.

बुफेत जाण्याआधी हात साबणाने धुवायचे. दाराशी सॅनिटायझर घेऊन माणूस उभा असतो, तेवढ्यावर भागवू नका. जहाजांवर उलट्या-जुलाबाची साथ पसरवणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारसा भीत नाही, साबण-पाण्याने धुऊन जातो. कोणाला जुलाब झाले तर लपवू नका, जहाजाच्या डॉक्टरला सांगा. एक-दोन दिवस खोलीत बसावं लागलं तर बसा. ताटात थोडं वाढून घ्या, पुन्हा उठून जा, कोणी हसत नाही. शाकाहाराची चिंता नको. आपल्याकडच्या जहाजांवर जैन जेवणसुद्धा मिळतं. आजीने ठेचा नेलाच तर ताटाच्या कडेला खाऊ दे. मात्र घरून बांधून आणलेला डबा आधी विचारून घे, बरीच जहाजं चढू देत नाहीत.

पोहण्याच्या तलावात उतरण्याआधी शॉवरखाली अंग धुवायचं आणि पोहण्याचेच कपडे घालायचे. सकाळी उठून चार खुर्च्यांवर टॉवेल टाकून त्या अडवून ठेवणारी मंडळी प्रत्येक जहाजावर असतात, आपण त्यांत नसावं. खोल्यांच्या भिंती पातळ असतात. रात्री बोळातून अंताक्षरी म्हणत जाणं आणि फोन मोठ्याने लावून रील बघणं दोन्ही टाळा. कॅसिनोबद्दल मी काही सांगत नाही; तुझ्या बाबाला ठाऊक आहे मला काय म्हणायचंय.

खोली झाडणाऱ्या, ताट उचलणाऱ्या पोरांशी बोलताना ‘ए’ नको. महिनोन् महिने घराबाहेर असतात ती. त्यांत गोव्याचे, कोकणातले, केरळचे पुष्कळ. गोव्यात अशा माणसाला तारवटी म्हणतात, आणि कित्येक गावांत घराच्या भिंती त्यांच्या पगारावर उभ्या आहेत. समुद्रावरच्या कामगारांसाठी जो आंतरराष्ट्रीय करार २००६ साली झाला, तोसुद्धा दिवसाला जास्तीत जास्त १४ आणि आठवड्याला ७२ तास काम चालवून घेतो. यावरून काय ते समज. नाव छातीवर लिहिलेलं असतं, ते वाचून हाक मार. टिप बिलात आधीच धरलेली आहे का ते बघ. नसेल तर शेवटच्या दिवशी खोलीवाल्याच्या हातात दे.

पैशांचं थोडक्यात. खोलीचं कार्ड हीच किल्ली आणि तेच पाकीट. ते दाखवलं की खर्च खात्यावर चढतो आणि खिशातून काही गेल्यासारखं वाटत नाही. रोज रात्री काउंटरवर हिशेब विचार. वायफाय, दारू, काही खास जेवणं यांचे पैसे वेगळे पडतात. किनारा दूर गेला की फोन फ्लाइट मोडवर टाक, नाहीतर तो जहाजाचं सॅटेलाइटवरचं नेटवर्क पकडेल आणि महिन्याचं बिल बघून तू मला फोन करशील.

गोव्यात जहाज मुरगावला लागतं, वास्कोजवळ. स्वतःची टॅक्सी करून मंगेशी-शांतादुर्गेला जाणार असाल तर परतीची वेळ जहाज सुटण्याची धरू नका. चढण्याची शेवटची वेळ वेगळी असते, आणि ती आधीची असते. जहाजाच्या सहलीने गेलेल्यांसाठी थांबतात, आपापले गेलेल्यांसाठी नाही. आजीला देवळात बसलं की उठवत नाही, हे धरून तास मोज.

राहता राहिली शेवटची रात्र. बऱ्याच जहाजांवर मोठ्या बॅगा त्या रात्रीच दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्या थेट धक्क्यावर मिळतात. बॅग बाहेर ठेवण्याआधी दुसऱ्या दिवशी घालायचे कपडे, चपला आणि आजीची कवळी बाहेर काढली आहे ना, ते चौघांचं तू स्वतः बघ. नाइट ड्रेस आणि अनवाणी पायांनी टर्मिनलवर उतरणारे भलेभले साहेब लोक मी पाहिले आहेत.

तुझे,
आबाजी