खारीतला डेन्मार्क

ठाण्याच्या मॉलमधल्या कॅफेत काचेआड 'डॅनिश' मांडलेलं असतं. मंद दिवे, लाकडी टेबलं आणि निवांतपणाची डॅनिश कल्पना त्याच्यासोबतच विकली जाते. माझ्या मते डेन्मार्क खरा पोचला आहे तो कल्याण-डोंबिवलीच्या बेकरीत, बरणीतल्या खारीत. कॅफेतली ती 'डॅनिश' पेस्ट्री तरी निखळ डॅनिश कुठे आहे? १८५० मध्ये कोपनहेगनच्या बेकरी कामगारांनी संप केला, मालकांनी ऑस्ट्रियाहून कारागीर आणले आणि त्यांची रीत तिथे रुजली. यीस्ट घातलेलं पीठ लाटायचं, त्यावर लोणी ठेवून घड्या घालायच्या, थंड करून पुन्हा लाटायचं. साटा लावलेल्या चिरोट्याला ही युक्ती नवी नाही. पण मे महिन्यात कल्याणच्या भट्टीशेजारी लोणी घडीत राहतच नाही, पाघळतं. शिवाय परवडत नाही. म्हणून खारीत वनस्पती तूप आलं. तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करतात आणि ही क्रिया अर्धवट ठेवली की ट्रान्स फॅट तयार होतं. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं घटवतं.

यावर अमेरिकेने २००६ पासून वेष्टनावर प्रमाण छापायला लावलं. म्हणजे वाचून ठरवायचं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात. डेन्मार्कने त्याआधीच, २००३ मध्ये, वेगळा विचार केला होता. कारखान्यात तयार होणारं ट्रान्स फॅट एकूण स्निग्धांशाच्या २ टक्क्यांवर जाता कामा नये, असा नियम करणारा तो पहिला देश. भारताने २०२१ मध्ये ३ आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातली. कोणी म्हणेल, हे जागतिक आरोग्य संघटनेमुळे झालं, डेन्मार्कचा काय संबंध? संघटनेचा रेटा होताच. पण असा नियम करूनही बेकऱ्या चालतात, हे तोवर एका लोणी-मार्गारीनवेड्या देशाने दाखवून दिलं होतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्टेशनाबाहेर प्लास्टिकच्या पिशवीत मिळणाऱ्या सुट्या खारीला ना लेबल ना तारीख. तिथे नियम कोण पाहणार? पण लेबल नाही म्हणूनच छापील आकड्याचा उपाय तिथे लंगडा पडला असता. ही मर्यादा खारीइतकीच वनस्पतीच्या डब्यालाही लागू आहे. गल्लोगल्लीच्या भट्ट्या तपासण्यापेक्षा डबे भरणारे कारखाने तपासणं सोपं, आणि गिऱ्हाइकाला रसायनशास्त्र शिकावं लागत नाही. मॉलमधल्या मंद दिव्यांपेक्षा मला ही डॅनिश संस्कृती मोलाची वाटते, कारण ती चहासोबत दोन खाऱ्या घेणाऱ्या माणसापर्यंतही पोचू शकते. अर्थात खारी त्यामुळे पथ्याची झाली, असं नाही. मैदा आहे, मीठ आहे, आणि ट्रान्स फॅटच्या जागी बहुतेकदा पामतेलाची घट्ट चरबी येते. तिच्यावर डेन्मार्कनेही अशी मर्यादा घातलेली नाही.